तरुण मुलाचा रक्तदाब आणि जांघेतली नाडी

मागील दोन आठवडे आपण या सदरात उच्च रक्तदाबाविषयी बोललो. मीठ, वजन, तंबाखू, गोळ्या मध्येच न सोडणे वगैरे. त्यावर बरेच फोन आले. त्यातला एक फोन एका शिक्षिका भगिनींचा होता. "डॉक्टर, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. सारखं डोकं दुखतं म्हणतो. एवढ्या लहान मुलांना बीपी असतो का हो?" मी म्हणालो, "क्वचित असतो. मुलाला घेऊन या. बाकीचं उत्तर पेपरात देतो." तेच उत्तर आज देत आहे. ते थोडे लांबेल, कारण या प्रश्नाच्या बाबतीत माझ्याकडे एक जुने देणे आहे.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्या दवाखान्यात आला. पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे धावायचा. तक्रार दोन गोष्टींची. डोके जड होते, आणि १६०० मीटर धावताना अर्ध्यातच पोटऱ्या भरून येतात. उन्हाळ्यात दोन-तीनदा नाकाचा घोळणाही फुटला होता. रक्तदाब पाहिला तर १६० वर १००. पुन्हा पाहिला, तेवढाच. मी त्याला विचारले, तालमीत कसली पावडर वगैरे खातोस का? नाही म्हणाला. मग मी जे आपण सगळेच म्हणतो तेच म्हणालो : भरतीचे टेन्शन आहे, मीठ कमी कर, जागरण करू नको. आणि एक गोळी सुरू केली. पुढे दीड वर्ष तो दर महिन्याला येत राहिला. रक्तदाब थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. मी गोळी वाढवायचो.

दीड वर्षाने तो कसल्याशा प्रमाणपत्रासाठी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात गेला. तिथे माझ्या मुलीच्या वयाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांनी त्याला तपासले आणि संध्याकाळी मला फोन केला. "सर, तुमचा पेशंट आहे म्हणून सांगते. हाताची नाडी चांगली आहे, पण जांघेतली नाडी जवळजवळ लागतच नाही. तुम्ही पाहिली होती का?"

मी पाहिली नव्हती. दीड वर्षात एकदाही नाही. शेवटच्या वर्षाला असताना आमच्या सरांनी हे घोटून घेतले होते : तरुण माणसाचा रक्तदाब वाढलेला दिसला की एक बोट मनगटावर आणि एक जांघेत ठेवा. परीक्षेत मी ते लिहिलेही होते. पण सोमवारच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात चाळीस माणसे, मध्ये एक पडदा, आणि समोर लाजणारा तरुण मुलगा असला की हात मनगटापर्यंतच जातो. सबब म्हणून हे सांगत नाही. असे घडते, आणि म्हणून वाचकांनीही हे जाणून असावे, एवढ्यासाठी सांगतो.

आता त्या मुलाला काय होते ते पाहू. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त एका मोठ्या नळीत जाते. शाळेच्या पुस्तकात तिला महारोहिणी किंवा महाधमनी म्हणतात. प्रौढ माणसात ती साधारण अंगठ्याएवढी जाड असते. हृदयातून ती वर चढते, छडीच्या मुठीसारखी वळते आणि मणक्याच्या कडेने खाली पोटाकडे उतरते. वळणावर तिला तीन फांद्या फुटतात, त्या डोक्याला आणि दोन्ही हातांना जातात. काही बालकांत जन्मतःच या तिसऱ्या फांदीच्या थोडे पुढे महाधमनी आवळलेली असते, जणू कोणी दोरा बांधून ओढला आहे. याला डॉक्टर 'कोआर्क्टेशन' म्हणतात. दहा हजार बालकांमागे तीन-चार जणांत हा दोष आढळतो.

आपल्याकडच्या नळयोजनेचा अनुभव असणाऱ्याला पुढचे समजावून सांगायला नको. मोटारीतून मुख्य पाइप निघतो, आधी वरच्या आळीला फाटे जातात आणि मग पाइप खालच्या आळीकडे जातो. नेमका मध्येच पाइप चेपला तर वरच्या आळीत तोटी उडेल इतका जोर आणि खालच्या आळीत हंडा भरायला अर्धा तास. त्या मुलाच्या डोक्यात आणि हातांत रक्त जादा दाबाने जात होते, म्हणून डोकेदुखी आणि घोळणा. पायांना कमी पडत होते, म्हणून पोटऱ्या भरून येणे. यात आणखी एक गंमत आहे. मूत्रपिंडे खालच्या आळीत राहतात. त्यांना वाटते, शरीरात दाबच कमी आहे. मग ती दाब वाढवणारी द्रव्ये सोडतात, आणि वरच्या आळीतला दाब आणखी चढतो. माझ्या गोळ्यांना दाद का मिळत नव्हती, त्याचे कारण बऱ्याच अंशी इथे होते. आणि हृदयाची मोटार रात्रंदिवस जादा भाराने चालत होती, ते वेगळेच.

शरीर यावर आपल्या परीने वाटही काढते. छातीच्या फासळ्यांखालच्या बारीक धमन्या फुगतात आणि अडथळ्याला वळसा घालून रक्त खाली नेतात. वर्षानुवर्षे फुगलेल्या या धमन्या फासळ्यांच्या खालच्या कडा झिजवून खाचा पाडतात, त्या एक्स-रेत दिसतात. बाईंचा फोन आल्यावर मी त्या मुलाच्या घरून त्याचा जुना एक्स-रे मागवला. आदल्या वर्षी खोकल्यासाठी मीच काढायला लावला होता. फुप्फुसे स्वच्छ आहेत असे मी त्या वेळी लिहून दिले होते, ते बरोबरच होते. फासळ्यांवरच्या खाचाही त्यात होत्या.

हा आजार सोसून माणसे जगतात, पण फार नाही. शस्त्रक्रिया नव्हती त्या काळात अशा रुग्णांचे सरासरी आयुष्य पस्तिशीच्या आसपास संपत असे. मेंदूतली रक्तवाहिनी फुटणे, हृदय थकणे, महाधमनीच फाटणे किंवा तिथे जंतुसंसर्ग होणे ही त्याची कारणे. इटलीतील मॉर्गान्यी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १७६० साली शवविच्छेदनात हा दोष पाहून लिहून ठेवला. तो दुरुस्त व्हायला १९४४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्राफूर्ड या शल्यचिकित्सकाने आवळलेला तुकडा कापून दोन्ही टोके एकमेकांना शिवली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनीही ती शस्त्रक्रिया केली. आज लहान बालकांत शस्त्रक्रियाच करतात. मोठी मुले व प्रौढ यांच्यात बऱ्याचदा छाती उघडावी लागत नाही. जांघेतून नळी घालून फुग्याने ती जागा रुंद करतात आणि तिथे धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसवतात.

आमच्या मुलाला पुण्याला पाठवले. स्टेंट बसला. चौथ्या दिवशी घरी आला आणि पहिली गोष्ट मला सांगितली ती अशी : "डॉक्टर, माझे पाय गरम लागतायत." आयुष्यभर त्याचे पाय गार असत, आणि सगळ्यांचेच तसे असतात अशी त्याची समजूत होती.

इथे एक सावधगिरी सांगतो. दुरुस्ती झाली म्हणजे प्रकरण मिटले असे नाही. ती जागा काही वर्षांनी पुन्हा आवळू शकते किंवा फुगू शकते. उशिरा दुरुस्त झालेल्यांचा रक्तदाब पुढेही चढा राहतो. आमचा हा मुलगा आजही एक छोटी गोळी घेतो आणि वर्षातून एकदा तपासणीला जातो. दहाव्या वर्षाऐवजी एकविसाव्या वर्षी निदान झाल्याची ही किंमत आहे, आणि तिच्यातली दीड वर्षे माझ्या खात्यावर आहेत.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर आणखी एक ओळ लिहून पाठवली होती : महाधमनीची झडप द्विदल आहे, आईवडील व भावंडांचा इको करावा. हृदयातून महाधमनीत रक्त जाते त्या तोंडाशी एक झडप असते. ती एकदिशा उघडते, रक्त परत येऊ देत नाही. तिला तीन पाकळ्या असतात. काही माणसांत जन्मतः दोनच असतात. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी काढलेल्या हृदयाच्या रेखाटनांत अशी झडपही आहे. हा दोष दुर्मीळ नाही. शंभरात एक-दोघांना असतो, पुरुषांत अधिक. कोआर्क्टेशन असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत तो सोबत आढळतो.

शंभरात एक म्हणजे आपल्या गावात किती, याचा हिशेब करून घाबरून जाऊ नका. यातल्या पुष्कळांना तरुणपणी काहीही त्रास होत नाही, काहींना कधीच होत नाही. पण दोन पाकळ्यांवर तिघींचे काम पडते. चाळिशी-पन्नाशीपर्यंत त्या जाड होतात, त्यांत कॅल्शियम साठते आणि दार अर्धवटच उघडू लागते. काहींची झडप गळते. शिवाय झडपेच्या वरचा महाधमनीचा भाग हळूहळू फुगत जाऊ शकतो, आणि तो फार फुगला तर फाटण्याची भीती असते.

मुलाचे वडील सत्तेचाळीस वर्षांचे, मार्केट यार्डात हमाली करायचे. जिना चढताना धाप लागायची. बिडीमुळे असेल, असे तेही म्हणत आणि मीही. तरुणपणी कोणीतरी त्यांच्या छातीत 'मर्मर', म्हणजे रक्त घासत गेल्याचा आवाज, ऐकला होता. आपल्या देशात सांधेतापाने झडपा खराब झालेले रुग्ण इतके की मर्मर म्हटले की सांधेतापच मनात येतो. त्यांनाही दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनची इंजेक्शने चालू केली होती, ती त्यांनी पुढे कंटाळून सोडली. इको केला तेव्हा सांधेतापाचा संबंध नव्हता. झडप द्विदल, बरीच अरुंद झालेली, आणि वरची महाधमनी ४.३ सेंटिमीटर. शस्त्रक्रियेची वेळ आली नव्हती, पण पोती उचलणे त्याच दिवशी बंद करायला सांगावे लागले. ते सांगणे सोपे आहे. हमालाने पोते उचलायचे नाही तर करायचे काय, याचे उत्तर इको मशीन देत नाही. दोन महिने ते घरी बसले, मग व्यापाऱ्याने त्यांना काट्यावर वजने लिहायला ठेवून घेतले. आई आणि बहीण यांचे इको मात्र स्वच्छ निघाले. द्विदल झडपेच्या रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत साधारण दहात एकाला हाच दोष सापडतो, म्हणून ही तपासणी टाळू नये.

अशी झडप अरुंद झाली की तीन लक्षणे दिसतात : श्रमाने धाप, छातीत आवळल्यासारखे दुखणे आणि चालताना किंवा चढ चढताना अचानक शुद्ध हरपणे. यांतले एक जरी दिसले तरी थांबू नये. गोळ्यांनी झडप उघडत नाही. मुलांमध्ये ती फुग्याने उघडून काही वर्षे मिळवता येतात, प्रौढांत बहुधा ती बदलावी लागते. धातूच्या झडपा पूर्वी परदेशातून येत व फार महाग पडत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने देशी झडप तयार केली, ती डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली. तेव्हापासून अनेक भारतीयांच्या छातीत तिची टिकटिक चालू आहे. अक्षरशः टिकटिक, शांत खोलीत शेजारच्यालाही ऐकू येते. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती नीट लागू पडते की नाही हे आयएनआर नावाच्या रक्तचाचणीने पाहत राहावे लागते. अशा रुग्णाने पालेभाजी सोडू नये, पण एक महिना रोज मेथी आणि पुढचा महिना अजिबात नाही असेही करू नये. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नये. जनावरांपासून मिळणाऱ्या ऊतीच्या झडपेला ती गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण ती झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि तरुणांत त्याहून लवकर.

आता तान्ह्या बाळांविषयी, कारण तिथे वेळ तासांत मोजावी लागते. गर्भात असताना महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी यांना जोडणारी एक छोटी नळी उघडी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. ज्या बाळाची महाधमनी फार आवळलेली आहे, त्याच्या पोटापायांकडे याच नळीतून रक्त जात असते. दवाखान्यातून घरी जाताना बाळ ठणठणीत दिसते. बारशाच्या सुमारास नळी मिटते आणि बाळ एकाएकी खचते. दूध ओढत नाही, ओढताना कपाळाला घाम येतो, जोरजोरात श्वास घेते, पाय गार पडतात, लंगोट कोरडा राहतो. लक्षात ठेवा, हे बाळ निळे पडेलच असे नाही. पांढुरके, राखाडी दिसते. 'हृदयाचा आजार असता तर निळे पडले असते' या समजुतीने घरात एक रात्र काढली जाते आणि दृष्ट उतरण्यात दुसरी. अशा बाळाला थेट बालरोगतज्ज्ञाकडे न्या. मिटलेली नळी पुन्हा उघडून धरणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे औषध आहे, ते चालू करून बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत पोचवता येते.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हृदयाचे दोष बरेचदा दिसतात, पण नेमका हा दोष निसटू शकतो. ती नळी गर्भात उघडीच असल्यामुळे तेव्हा अडथळा स्पष्ट होत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल होता, मग आता कसे, असे म्हणून सोनोग्राफीवाल्याशी भांडायला जाऊ नये. आणि सुनेशी तर मुळीच भांडू नये. ग्रहणात विळी हातात धरली म्हणून असे झाले, हे मी माझ्याच दवाखान्यात, बाळाच्या आईसमोर, तिच्या सासूच्या तोंडून ऐकलेले आहे. बाळाचे हृदय गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांतच घडून जाते, बहुतेकदा दिवस गेल्याची खात्री होऊन घरात पेढे वाटण्याच्या आधी. दर हजार बालकांत आठ-नऊ जणांच्या हृदयात काही ना काही दोष असतो, आणि बहुतेकांत त्याचे एकच एक कारण सापडत नाही.

मुलींच्या बाबतीत दोन शब्द. एखादी मुलगी बरोबरीच्या मुलींपेक्षा फारच बुटकी राहिली आणि वयात आली नाही, तर टर्नर सिंड्रोम नावाची अवस्था असू शकते, आणि त्यात महाधमनीचे हे दोन्ही दोष अधिक आढळतात. अशा मुलीचा इको व्हायलाच हवा. दुसरे असे, की हृदयाचा दोष लपवून मुलीचे लग्न करू नका. दुरुस्त न झालेले कोआर्क्टेशन, फुगलेली महाधमनी किंवा धातूची झडप असताना दिवस जाणे जोखमीचे असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या गर्भालाही अपाय करू शकतात. योग्य सल्ल्याने यांतल्या कित्येक जणींची बाळंतपणे सुखरूप होतात, पण सल्ला दिवस जाण्याच्या आधी घ्यायचा असतो, आणि लपवलेल्या आजाराचा सल्ला घेता येत नाही.

द्विदल झडपेवर तोंडातले जंतू रक्तातून जाऊन बसू शकतात. म्हणून दात स्वच्छ ठेवावेत, मिसरी सोडावी. झडपेचा दोष असलेल्या माणसाला आठवडाभर ताप राहिला तर रक्ताचे कल्चर घेतल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नये. हे वाक्य माझ्या व्यवसायबंधूंनीही वाचावे.

खर्चाचे काय, हा प्रश्न येणारच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासते. दोष सापडल्यास पुढच्या उपचारांची सोय केली जाते. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका. मोठ्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतील रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. आधी कर्ज काढून मग चौकशी करू नका.

घरी काय करता येईल, असेही विचारतात. मनगटावर नाडी पाहता येते तशीच जांघेतही पाहता येते. पोट आणि मांडी मिळतात त्या रेषेच्या साधारण मध्यावर दोन बोटे थोडी दाबून ठेवावीत. मनगटाची आणि जांघेची नाडी एकाच वेळी, सारख्या जोराने लागायला हवी. जांघेतली क्षीण किंवा मागाहून येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पायातला रक्तदाब हाताइतका किंवा थोडा अधिकच असतो. हातातला पायापेक्षा वीसने किंवा अधिक वर असेल तर इको करून घ्यावा. हात पाहताना उजवा जरूर पाहावा, कारण काहींत डाव्या हाताची फांदीही अडथळ्यात सापडते. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "जांघेतली नाडी बघितली का?" एखादा चिडेल. चिडू द्या. माझ्या दवाखान्यात आता तपासणीच्या टेबलाला दोन्ही बाजूंनी पडदा आहे, आणि चाळिशीच्या आतल्या कोणाचाही रक्तदाब वाढलेला निघाला तर त्याला आधी टेबलावर झोपावे लागते.

शिक्षिका भगिनी मुलाला घेऊन शनिवारी आल्या होत्या. उजवा हात ११० वर ७०, पाय ११८. जांघेतल्या दोन्ही नाड्या उत्तम. मुलगा फळ्यावरचे दिसत नाही म्हणून तीन महिने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होता. त्याला चष्म्यासाठी पाठवले आहे.